मेट्रनमावशींची सिस्टीम

आमच्या मेट्रनमावशी माणसांना नावाने कमी आणि खाटेच्या नंबराने जास्त ओळखायच्या. खाट म्हणजे अर्थात फ्लॅट. सकाळी दार उघडलं की त्या दूधवाल्यालाच कामाला लावायच्या. "तीनशे दोनने काल पिशवी उचलली नाही रे. आत आहेत ना? बघ जा." तो बिचारा बेल वाजवून यायचा आणि रिपोर्ट द्यायचा. लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर मावशींची नजर आधी डोळ्यांखाली, मग नखांवर, आणि सगळं ठीक वाटलं तरच "काय, कसं काय?"

महापालिकेच्या हॉस्पिटलात जन्म काढून त्या मेट्रन म्हणून रिटायर झाल्या होत्या. घाटकोपर पूर्वेला त्यांचा फ्लॅट. त्यातली एक खोली त्या नोकरी करणाऱ्या मुलीला भाड्याने द्यायच्या. मी कराडहून अंधेरीच्या एका विमा कार्यालयात नोकरीला लागले आणि ती खोली बघायला गेले. त्यांनी नाव, गाव, जात, पगार काही विचारलं नाही. मला खिडकीशी नेलं, अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढली आणि म्हणाल्या, "रक्त कमी आहे. राहा इथे."

घरातही त्या पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या. खांद्याजवळ साडीला उलटं घड्याळ टाचलेलं असायचं, नर्सेस लावतात तसं. फ्रिज असो, मिक्सर असो, त्यावर हाताची मागची बाजू टेकवून त्या ताप बघायच्या. मूळच्या मालवणच्या. बोलणं मुंबईचं, पण आनंद झाला किंवा राग आला की थेट गावच्या बोलीत उतरायच्या. त्यामुळे आतल्या खोलीतून नुसते शब्द कानावर आले तरी बाहेर हवामान काय आहे ते मला कळायचं.

दुपारी त्यांच्या हॉलमध्ये शाळा भरायची. पश्चिमेकडच्या टेकडीवरच्या वस्तीतून बायका यायच्या. घरी पडून असलेल्या आजारी माणसांना कसं सांभाळायचं, ते मावशी त्यांना शिकवायच्या. कूस कशी बदलायची, ताप कसा घ्यायचा, चिडलेल्या म्हाताऱ्याला भरवायचं कसं, सगळं. फी नव्हती. फक्त वेळेवर यायचं आणि आत आल्या आल्या हात धुवायचे. शिकून झालेल्या बायकांना अंधेरीची एक संस्था काम द्यायची.

एक दिवस त्या संस्थेने कळवलं, की यापुढे पेशंटची रोजची नोंद कॉम्प्युटरवर करावी लागेल. ताप, ब्लडप्रेशर, औषधाची वेळ, सगळं भरून ठरलेल्या जागी सेव्ह करायचं. त्याची छोटी परीक्षा संस्थेच्या ऑफिसात होईल, आणि ती पास झाल्याशिवाय काम नाही.

बायकांचे चेहरे उतरले. सगळ्यांत जास्त सुनीताचा. ती पहाटेपासून घरोघरी पोळ्या करायची आणि मनगटं पार गेली होती तिची. हे काम मिळालं तर लाटणं सुटणार होतं. "मावशी, मोबाईलवर मी फोन उचलते आणि ठेवते," ती म्हणाली. "कॉम्प्युटर म्हणजे... मोडला तर?"

"मोडला तर मी बसलेय ना इथे," मावशी म्हणाल्या. बसल्या होत्या खऱ्या, पण त्यांनी स्वतःही तोवर कॉम्प्युटरला हात लावलेला नव्हता.

भाच्याने पुण्याला जाताना ठेवलेला एक जुना लॅपटॉप कपाटात होता. तो काढला, स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, चालू केला. पडद्यावर सूचना आली, की या विंडोजला आता अपडेट मिळणार नाहीत आणि या मशीनवर नवीन विंडोज चालणार नाही. मावशींनी भाच्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आत्ये, तो फेकून दे गं. जुना झालाय. नवीन घे."

"तपासलंस काय?"

"काय?"

"न तपासता मेलो म्हणान लिवतंस?" मावशी कडाडल्या. "नाडी बघूची नाय, डोळे बघूचे नाय, आणि सरळ डेथ सर्टिफिकेट?" आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून घरात एकच विषय. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय हे त्यांनी मला विचारलं. मी ऑफिसात एकच प्रोग्रॅम रोज उघडणारी. जमेल तसं सांगितलं, की मशीन म्हणजे नुसतं लोखंड आणि काच; ते चालवणारी, फाइल कुठे ठेवायची, प्रिंटरला काय सांगायचं हे सगळं बघणारी ती सिस्टीम. विंडोज आहे, मॅक आहे, लिनक्स आहे. "म्हणजे निवड आहे!" त्यांचे डोळे चमकले. "अगो, मग नीट चौकशी करूया ना!"

चौकशी म्हणजे राउंड. उलटं घड्याळ लावून त्या बिल्डिंगभर फिरल्या, मी मागे. प्रत्येक दारात प्रश्न एकच. "तू कुठली वापरतोस? आणि तीच का?" तीनशे दोनचे सीए म्हणाले, ऑफिसात तीच आहे म्हणून. एकशे चारची कॉलेजची मुलगी म्हणाली, लॅपटॉपमध्ये आधीच होती. पाचव्या मजल्यावरचा निनाद डिझाईनचं काम करायचा. त्याच्याकडे मॅक. तो म्हणाला, "मावशी, हे झकास दिसतं ना, म्हणून." मावशींनी त्याच्या मॅकवर हात टेकवून ताप पाहिला आणि पुढे गेल्या.

घरी येऊन बूट न काढताच त्या खुर्चीत बसल्या. "एकानेही निवडलेली नाही गं. सगळ्यांना मिळालेली आहे. त्यातल्या त्यात तो निनाद बरा, त्याने निदान तोंड तरी बघून घेतली." मी हसले, पण मनात म्हटलं, खरंच की. माझ्या लॅपटॉपवरचं विंडोजही लॅपटॉपबरोबरच आलेलं होतं.

मग आम्ही लॅपटॉप घेऊन पश्चिमेला स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार कच्छी, वय झालेले, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारे. त्यांनी मशीन उघडून पाहिलं. "मावशी, इसमें नया विंडोज नहीं बैठेगा."

"बसणार नाही म्हणजे काय? जागा कमी आहे की ताकद कमी आहे?"

दुकानदार चपापले. त्यांना असा प्रश्न बहुधा कुणी विचारला नव्हता. "ताकद," ते म्हणाले. "लिनक्स चलेगा. हलका आहे, फुकट आहे. लेकिन लोग वापस लाते हैं."

"कित्याक?"

"आदत नहीं होती ना."

"अहो, सवय काय जन्मतःच असते? बसवा."

"ऐसा करो," ते म्हणाले, "आधी बघून घ्या. पेनड्राइव्हवर टाकून देतो. त्याच्यावरूनच चालू होणार. अंदर का कुछ नहीं बदलेगा. पसंत नाही पडलं तर पेनड्राइव्ह काढायचा, जुनं जसंच्या तसं."

मावशी खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "म्हणजे पेशंटला भूल न देता? न कापता? नुसतं बघायचं?" आणि माझ्याकडे वळून, "ऐकलंस? असलं सगळ्या गोष्टीत असतं तर कितीतरी लग्नं वाचली असती!" स्वतः त्यांनी लग्न केलं नव्हतं.

संध्याकाळी चहा झाल्यावर आम्ही टेबलाशी बसलो. दुकानदारांनी दाखवल्याप्रमाणे चालू होताना बटण दाबून पेनड्राइव्ह निवडला. पडदा काळा झाला, त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर पळायला लागल्या, आणि मी घाबरून म्हटलं, "वाट लागली." मावशी मात्र मोटरमनच्या केबिनमध्ये बसवलेल्या पोरीसारख्या पुढे झुकल्या होत्या. "पळतंय बघ कसं! पळतंय!" मग निळसर स्वच्छ पडदा आला. वायफाय काही केल्या दिसेना. मग माझा मोबाईल वायरने जोडून त्यातून इंटरनेट दिलं, तेव्हा गाडी पुढे सरकली. भाषांच्या यादीत मराठी होती. ती निवडली, पुन्हा आत आलो, आणि पडद्यावर एका चित्राखाली लिहिलेलं आलं, 'कचरापेटी'.

मावशी किंचाळल्या. शेजारच्यांनी बेल वाजवली, इतक्या जोरात. "कचरापेटी! अगो बघ तरी, कचरापेटी लिवलेली असा! कुणी तरी बसून माझ्यासाठी ह्या लिवल्यान ना?" त्यांनी शेजारच्यांनाही आत ओढून कचरापेटी दाखवली. ते "अरे वा" म्हणून गेले. आम्ही त्या दिवशी जेवण केलं नाही, पोहे खाल्ले, कारण मावशींना टेबलावरून उठायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानदारांकडून तीच सिस्टीम कायमची बसवून घेतली.

आणि तिथेच आमचं वाजलं. मावशींनी बायकांना लिनक्सवर शिकवायला सुरुवात केली. मी म्हटलं, "मावशी, संस्थेच्या ऑफिसात विंडोज असणार. यांच्या नोकरीचा प्रश्न आहे. जे तिथे आहे तेच शिकवा ना."

"तुला काय ठाऊक तिथे काय आहे?"

"सगळीकडे तेच असतं."

"सगळीकडे म्हणजे तुझ्या ऑफिसात," त्या म्हणाल्या आणि शिकवत राहिल्या.

बायका मन लावून शिकत होत्या. सुनीता माऊस लाटण्यासारखा दाबून धरायची, पण पाठ सगळं करायची. "हिरव्या गोलावर दाबायचं, मग वरून दुसरी ओळ, मग उजवीकडे." डोळे मिटून म्हणून दाखवायची. शोभा म्हणून एक होती, टेकडीवरच राहणारी, तिचं उलट. तिला दिसेल ते बटण दाबून बघायचं असायचं आणि मावशी तिला "शोभा, हात!" म्हणून ओरडायच्या.

एका रविवारी मी माझा लॅपटॉप आणून सुनीतासमोर ठेवला. म्हटलं, यावर करून दाखव. तिने पाहिलं. हिरवा गोल नव्हता. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि हळूच दोन्ही हात पाठीमागे घेतले, जणू काही तिनेच तो गोल फोडला होता. "मावशी, माझं नाही होणार हे," ती म्हणाली. पदराने तोंड पुसलं आणि चपला घालून निघून गेली.

मला वाटलं, मी जिंकले. पण जिंकून काय मिळालं होतं? मावशी खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चहाच्या वेळी शेजारी बसून त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्या शिकाऊ नर्स होत्या तेव्हाची. स्वतःच्या वॉर्डात त्यांना सगळं तोंडपाठ. एका दुपारी अचानक दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात पाठवलं. तिथे एका बाईच्या घशात कफ अडकला, ती निळी पडायला लागली, आणि यांना कफ ओढून काढणारं सक्शनचं मशीन सापडेना. आपल्या वॉर्डात जिथे असायचं तिथे या धावल्या. तिथे कपाट होतं. पुन्हा तिथेच धावल्या. पुन्हा कपाट. तेव्हा तिथल्या जुन्या सिस्टर दारातून ओरडल्या, "पोरी, पाठ केलेलं विसर! कोपरे बघ!" कोपऱ्यात मशीन होतं. बाई वाचली.

"मी सुनीताला माझा वॉर्ड पाठ करायला लावला," मावशी म्हणाल्या. "आणि तू म्हणतेस तुझा वॉर्ड पाठ करायला लाव. दोघी चुकलो गं आपण. तिला कोपरे बघायला शिकवायला हवं."

त्याच दिवशी त्या टेकडी चढून सुनीताच्या घरी गेल्या. काय बोलल्या माहीत नाही. सुनीता दुपारी आली, हात धुऊन बसली.

पुढच्या रविवारी जेवणाच्या टेबलावर तीन मशीन ओळीने मांडली होती. त्यांचं लिनक्स, माझं विंडोज आणि पाचव्या मजल्यावरून हक्काने उचलून आणलेला निनादचा मॅक. निनाद स्वतःही सोबत आला होता, मॅकच्या काळजीने. मावशींनी सांगितलं, "कुठलंही मशीन समोर आलं की त्याला तीन गोष्टी विचारायच्या. तू कुठून सुरू होतोस? मी ठेवलेलं कुठे ठेवतोस? आणि तुला नीट बंद कसं करायचं? बाकी सगळं नंतर. घाबरायला झालं की कोपरे बघायचे." मग त्यांनी टाळी वाजवली. टाळी वाजली की खुर्ची बदलायची. ताप लिहायचा, सेव्ह करायचा, टाळी, पुढचं मशीन. आधी गोंधळ, मग आरडाओरडा, मग हशा. "अगं हे बघ, ह्याचं वर आहे!" "ह्याचं खाली मधोमध!" "मेल्याने बंद करायचं कुठे लपवलंय!" निनाद मॅक विसरून प्रत्येकीच्या मागे उड्या मारत होता. मी शिकवायला उभी होते, पण माझंच डोकं उघडत होतं. इतकी वर्षं वापरलेल्या माझ्याच लॅपटॉपचे दोन कोपरे मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडून पाहिले.

मावशींचा सगळ्यात मोठा उद्योग तर परीक्षेच्या आदल्या आठवड्यातला. बायका यायच्या आधी त्या निनादला घेऊन बसल्या. खालची पट्टी डावीकडे उभी केली, चित्रं लहान केली, रंग काळा केला, एका मशीनची भाषा हिंदी केली. बायका आल्या आणि पडदे बघून थबकल्या. मावशी हाताची घडी घालून म्हणाल्या, "काल कोणीतरी वॉर्डातलं सगळं सामान हलवून ठेवलंय. मला माहीत नाही कोणी. पेशंट वाट बघतोय. चला."

सुनीता पुढे झाली. माऊसवर हात ठेवला. या वेळी नुसता ठेवला, दाबला नाही. वरचा डावा कोपरा बघितला. काही नाही. वरचा उजवा. मग खाली आली. ओठ हलत होते. एक क्लिक, एक यादी उघडली, आणि ती एवढ्या मोठ्याने "सापडलास!" म्हणाली की आम्ही सगळे टाळ्या वाजवायला लागलो आणि मावशींना ओरडावं लागलं, "टाळी नको! टाळी नको! खुर्च्या हलतील!"

परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकली. घाटकोपरहून आम्ही सगळ्या मेट्रोने अंधेरीला गेलो. आत फक्त परीक्षेवाल्यांना सोडत होते. मावशी आणि मी बाहेरच्या बाकावर. लेबर रूमबाहेर नवरे बसतात तशा त्या बसल्या होत्या. उठायच्या, काचेतून बघायच्या, परत बसायच्या. "पाणी प्या," मी म्हटलं. "तू पी," त्या म्हणाल्या.

दार उघडलं आणि सुनीता जवळजवळ पळतच आली. "मावशी, तिथे आपल्यातलं एकही नव्हतं!"

मावशींचा चेहराच पडला. "म्हणजे? विंडोज?"

"नाही ना! विंडोज नाही, लिनक्स नाही, निनाददादाचं पण नाही. कायतरी चौथंच! नुसतं इंटरनेटचं पान होतं, बाकी मोकळं."

"मग गो?" मावशींनी तिचा दंड पकडला. "मग काय केलंस?"

"काय करणार? कोपरे बघितले. खाली डावीकडे एक गोल होता. दाबला. सगळं आलं." ती हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली. "ठेवलं पण. कुठे ठेवलं ते पण बघून आले. बंद पण नीट केलं."

मावशींनी त्या लॉबीत, सगळ्यांसमोर, तिला कवेत घेतलं आणि मालवणीत काय काय बोलल्या, ते मला आजही पूर्ण सांगता येणार नाही. सुरक्षारक्षकाने "हळू, मॅडम" म्हटलं तर त्याच्या डोळ्यांखाली बघून त्यालाच म्हणाल्या, "तू झोपत नाहीस नीट."

सुनीता पास झाली, आणखी दोघी झाल्या. शोभा नापास. तिला सगळं येत होतं, पण त्या नव्या मशीनमध्ये काय काय आहे हे उघडून बघण्यात तिचा वेळ संपला. "मावशी, आत नकाशा होता! मी आमची टेकडी बघितली!" तिने जाहीर केलं. मावशी तिला मेट्रोत घाटकोपरपर्यंत झापत आल्या, आणि घरी आल्यावर पहिला प्रश्न विचारला, "दिसली काय गो टेकडी? घरं पण दिसत होती?" पुढच्या खेपेला शोभाही पास झाली.

नंतर माझं लग्न झालं आणि मी बोरिवलीला राहायला गेले. सुनीता मुलुंडला एका आजींकडे कामाला आहे. मनगटं आता बरी आहेत, असं तिने मला फोनवर सांगितलं. मावशींचा फोन मात्र कधीही येतो, आणि नमस्कार-चमत्कार न करता सुरू होतो. गेल्या आठवड्यात मी भाजी घेत होते, तेव्हा आला.

"अगो, मी काल एक नवीनच सिस्टीम बसवायला घेतली. दुकानदार नको म्हणत होते."

"मावशी! मग?"

"मग काय, सगळं गेलं. पडदा काळा."

मी हातातली भाजी परत टोपलीत टाकली. "सगळं गेलं? तुमचे बायकांसाठी लिहिलेले धडे, फोटो? कशाला हात लावू नका. मी येते, निनादला पाठवते..."

"धड्यांचं काय, पेनड्राइव्हवर आहेत ते. तू ऐक तरी." त्यांचा आवाज शाळेला सुट्टी मिळालेल्या मुलीसारखा झाला होता. "काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकतेय. चालू, बंद, चालू, बंद. मी एक अक्षर दाबलं तर ते उमटलं तिथे! म्हणजे काहीतरी विचारतंय गं ते मला."

"काय विचारतंय?"

"तेच तर बघायचंय," त्या म्हणाल्या. "ठेव फोन आता."